फोक्सवॅगनच्या मागच्या सीटवर सम्राट: इथिओपियाची राजेशाही १९७४ साली का कोसळली

१२ सप्टेंबर १९७४, गुरुवारची सकाळ. अदिस अबाबातल्या राजवाड्यात काही लष्करी आणि पोलिस अधिकारी आले. पदच्युतीचा हुकूम वाचून झाला आणि ८२ वर्षांच्या सम्राट हैले सेलासींना बाहेर आणलं गेलं. दारात उभी होती फोक्सवॅगन बीटल. ही गाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना माहीत असेल, तिला दोनच दारं. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून, अंग चोरून आत शिरावं लागतं. राजा सोलोमन आणि शेबाची राणी यांचा वंशज म्हणवणारा, १९५५च्या राज्यघटनेने ज्याचा देहच पवित्र ठरवला होता, रोल्स रॉइसमधून फिरायची ज्याला सवय होती, तो माणूस त्या सकाळी तसाच अंग चोरून मागे बसला. रस्त्यावर जमलेला घोळका ओरडत होता, "लेबा! लेबा!" अमहारिक भाषेत लेबा म्हणजे चोर.

एकही गोळी झाडावी लागली नाही. १९१६पासून राजप्रतिनिधी आणि १९३०पासून सम्राट म्हणून ज्याने देश चालवला, त्याच्या बाजूने एकही पलटण उभी राहिली नाही, एकाही सरदाराने तलवार उपसली नाही.

का? याचं सरधोपट उत्तर असं की वोल्लो प्रांतात दुष्काळ पडला, सम्राटाने तो झाकला, लोक चिडले आणि राजा गेला. हे उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. वोल्लोत जे उपाशी मेले त्यांनी राजाला खाली खेचलं नाही. खेचलं ते टॅक्सीवाल्यांनी, मास्तरांनी, पोरांनी आणि शेवटी साध्या शिपायांनी. यातल्या बहुतेकांना राजानेच शाळेत घातलं होतं, गणवेश दिला होता, पगारावर ठेवलं होतं. जमिनीचा प्रश्न एका ठिकाणी कुजत होता आणि स्फोट दुसऱ्या ठिकाणी झाला. हे दोन टोक कसे जुळले, तेवढंच या प्रकरणात पाहायचं आहे.

रिस्त, गुल्त आणि गब्बार

इथिओपियातले बहुतेक लोक शेतीवर जगत. दहातल्या नऊ जणांना लिहितावाचता येत नव्हतं. त्यामुळे जमीन कोणाची, हा तिथला पहिला प्रश्न. मराठी वाचकाला तो समजायला फार त्रास पडू नये, कारण आपल्याकडे त्याला शब्द आहेत.

उत्तरेकडच्या जुन्या डोंगराळ मुलखात 'रिस्त' नावाचा हक्क होता. आपल्या मिरासीचाच भाऊ म्हणा. मूळ पुरुषाच्या वंशात जन्मलात, म्हणजे गावच्या जमिनीत तुमचा वाटा. तो बाहेरच्याला विकता येत नसे, पण सहजासहजी कोणी हिसकावूनही घेऊ शकत नसे. त्यावर बसलेला 'गुल्त' म्हणजे आपली जहागीर किंवा इनाम: जमिनीची मालकी नव्हे, तिच्यावरची वसुली. सरदार, देवळं, मठ, राजाच्या मर्जीतली माणसं यांना ही वसुली बहाल केलेली असे. १९६६ साली गुल्त कायद्याने रद्द झाला, पण गावातला जो मोठा होता तो मोठाच राहिला.

दक्षिणेची कथा वेगळी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सम्राट दुसऱ्या मेनेलिकने दक्षिणेचा मोठा मुलूख जिंकला आणि सैनिकांना पगाराऐवजी जमीन दिली, जमिनीबरोबर ती कसणारी माणसंही. या नव्या मालकांना 'नेफ्तेन्या' म्हणत, म्हणजे बंदूकवाले. ज्यांची जमीन गेली ते झाले 'गब्बार', म्हणजे कर भरणारे. (आपल्याकडे गब्बर म्हणजे पैशाने माजलेला, तिथला गब्बार म्हणजे त्याने पिळलेला.) मालक बहुधा अमहारा आणि ख्रिस्ती, भाषा त्याची, कोर्ट त्याचं, पोलिस त्याचा. कूळ ओरोमो किंवा आणखी कुठल्या समाजाचं, बरेचदा मुसलमान. म्हणजे खंडाचा प्रश्न नुसता खंडाचा राहत नव्हता. त्याला जात, धर्म, भाषा सगळं चिकटलेलं होतं. विसाव्या शतकाच्या मध्याला दक्षिणेतल्या बऱ्याच प्रांतांत निम्म्याहून जास्त शेतकरी कुळं होती. पिकाचा तिसरा हिस्सा ते निम्मा मालकाला, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. वर त्याच्या घरची वेठ आणि सणासुदीचे नजराणे.

इथे मलिक अंबर आठवल्याशिवाय राहत नाही. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी दख्खनेत निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि जमिनीची प्रत, पीक पाहून सारा ठरवायची त्याची पद्धत इतकी नावाजली की तिला 'मलिक अंबरी' असंच नाव पडलं. खुलताबादला त्याची कबर आहे. तो १६२६ साली गेला. त्यानंतर तीनशेहून जास्त वर्षांनीही त्याच्या जन्मभूमीत कित्येक भागांत जमिनीची धड मोजणी झालेली नव्हती.

आणि मोजणी करायला जावं तर बंड. १९६७ साली शेती उत्पन्नावर कर बसवणारा कायदा आला. उत्तरेत गोज्जाम प्रांतात शेतकऱ्यांनी त्याचा अर्थ सरळ लावला: आज साखळी घेऊन माणूस आला, उद्या रिस्त गेली. १९६८मध्ये तिथे हत्यारं उपसली गेली. शेवटी सम्राटाने प्रांताचा सुभेदार हलवला, थकबाकी माफ केली आणि विषय मिटवला. दक्षिणेत बाले प्रांतात तर १९६३ ते १९७० असं लांबलेलं बंड चाललं. ही बंडं महत्त्वाची आहेत, पण त्यांनी राजधानीतली एक काचही फुटली नाही. ती आपापल्या डोंगरात पेटली आणि आपापल्या डोंगरात विझली.

मग सरकारने काही केलंच नाही का? केलं, आणि त्यानेच आणखी बिघडलं. १९६६ला जमीन सुधारणा खातं निघालं. कुळकायद्याची विधेयकं तयार झाली, संसदेत गेली, परत आली, पुन्हा गेली. १९७४ उजाडेपर्यंत एकही मंजूर झालं नाही. ते होणार तरी कसं? वरचं सभागृह सम्राटाने नेमलेलं. खालच्या सभागृहात निवडून यायचं तर गाठीला मालमत्ता हवी. राजकीय पक्षांना बंदी. म्हणजे कुळकायद्यावर मत देणारे सगळे जमीनदार. आपल्याकडे मुंबई राज्यात १ एप्रिल १९५७ला कसणाऱ्याला मालक ठरवणारी तारीख कायद्याने तरी आली. तिच्यातल्या पळवाटांवर अजून वाद घालता येईल, पण तारीख आली. तिथे ती आलीच नाही.

दुसरं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. अरसी प्रांतातल्या चिलालो भागात १९६७पासून स्वीडनच्या मदतीने शेतीसुधारणेचा प्रकल्प चालला. सुधारित बियाणं, खत, कर्ज, सल्ला. उत्पन्न खरंच वाढलं. पण उत्पन्न वाढल्यावर मालकाच्या लक्षात आलं की अर्धा वाटा देणाऱ्या कुळापेक्षा ट्रॅक्टर परवडतो. मग कुळं निघाली. गरीब शेतकऱ्यासाठी आखलेली योजना त्याच्याच मुळावर आली, आणि यात कोणाचा दुष्ट हेतू असायची गरजही पडली नाही.

अवाश नदीच्या खोऱ्यातही तेच. तिथे अफार नावाचे पशुपालक लोक राहतात. पावसाळ्यात गुरं माळावर, उन्हाळ्यात नदीकाठच्या ओल्या कुरणांवर, असं त्यांचं वर्ष. साठच्या दशकात नदीकाठी परदेशी कंपन्यांचे कापसाचे आणि उसाचे मळे उभे राहिले. १९७०च्या सुमारास जवळपास ५० हजार हेक्टर जमीन अशी अडकली. उन्हाळी कुरण गेलं. कागदावर निर्यात वाढली. पाऊस पडत होता तोवर अफारांचं कसंबसं निभलं.

वोल्लो आणि आपलं बहात्तर

१९७२ला पाऊस पडला नाही.

माझ्या आजीच्या तोंडात 'बहात्तर' हा आकडा नव्हता, ते एका काळाचं नाव होतं. ती माण तालुक्यातली. नाला बांधाच्या कामावर खडी फोडायला जायची, पदरात सुकडी घेऊन यायची, आणि अमेरिकेहून आलेला लाल मिलो तिने आयुष्यभर शिव्या घालत आठवला. "जनावरं बी तोंड लावंनात," असं म्हणायची. पण ती जगली. तिची सहाही पोरं जगली. त्या वर्षी महाराष्ट्रात धान्याचं उत्पादन नेहमीच्या निम्म्यावर आलं होतं, आणि मे १९७३मध्ये सरकारी दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं राबत होती.

त्याच महिन्यांत वोल्लोत माणसं मरत होती. किती मेली याचे अंदाज ४० हजारांपासून २ लाखांपर्यंत जातात. आणि गंमत म्हणावी की क्रूर थट्टा, त्या वर्षी सबंध इथिओपियात अन्नाचा फार मोठा तुटवडा नव्हताच. अमर्त्य सेन यांनी याच दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला. वोल्लोची राजधानी डेसी इथल्या बाजारात धान्याचे भाव फारसे चढलेले नव्हते. ज्याचं पीक गेलं त्याच्याकडे विकत घ्यायला पैसा नव्हता, आणि ज्याला पैसा नाही त्याची मागणी बाजाराला ऐकू येत नाही. म्हणून वोल्लोतून धान्य बाहेर, अदिस अबाबा आणि अस्मारा या शहरांकडे जात होतं. अफारांची गुरं मेली, आणि जी उरली त्यांना भाव राहिला नाही. ज्या महामार्गावरून हे ट्रक जायचे, त्याच महामार्गाच्या कडेला भुकेली माणसं बसायची, बसगाड्या आणि मोटारी अडवून खायला मागायची.

१९७३च्या सुरुवातीला शेतकऱ्यांचा एक जथा राजधानीकडे निघाला होता. पोलिसांनी त्याला मागे फिरवलं. त्याच वर्षी विद्यापीठातले काही प्राध्यापक वोल्लोत जाऊन फोटो घेऊन आले आणि विद्यापीठात त्यांचं प्रदर्शन भरलं. विद्यार्थ्यांनी आपलं जेवण सोडून मदत गोळा केली. सरकारचं म्हणणं मात्र एकच: नेहमीचीच टंचाई आहे. देशाची बदनामी नको, म्हणून परदेशी मदतही मोकळेपणाने मागितली नाही, आणि यजमान सरकार दुखावेल म्हणून आंतरराष्ट्रीय संस्थांनीही बराच काळ तोंड उघडलं नाही. ऑक्टोबर १९७३मध्ये जोनाथन डिम्बलबी या ब्रिटिश पत्रकाराचा माहितीपट इंग्लंडच्या टीव्हीवर झळकला, तेव्हा जगाला कळलं. सम्राट स्वतः वोल्लोत गेले ते नोव्हेंबरमध्ये.

महाराष्ट्राचे तेव्हाचे राज्यकर्ते फार कनवाळू होते असं मला सुचवायचं नाही. पण विधानसभेत ओरडणारे आमदार होते, तहसील कचेरीवर मोर्चे नेणारे लाल बावट्याचे आणि शेकापचे कार्यकर्ते होते, मराठी वर्तमानपत्रं होती, आणि पुढे कधीतरी निवडणूक होती. काम मागणाऱ्याला काम द्या, हा वि. स. पागे यांचा विचार त्याच काळात हमी योजना म्हणून रुजला. वोल्लोतल्या शेतकऱ्याला ओरडायला जागाच नव्हती. सुभेदार राजाने नेमलेला, वर्तमानपत्र सरकारचं, आणि खासदाराचा स्वतःचाच खंड त्या शेतकऱ्याकडे थकलेला.

तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. वोल्लोत बंड झालं नाही. भुकेने माणूस आधी बैल विकतो, मग बी खातो, मग जमीन गहाण टाकतो, मग रस्त्याकडेला येऊन बसतो. या उतरंडीत बंड करायची ताकद कुठल्याच पायरीवर उरत नाही.

राजाने वाढवलेली माणसं

हैले सेलासी हा निव्वळ सरंजामी हुकूमशहा होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९४१ला इटालियनांच्या तावडीतून देश सुटल्यावर त्याने शिक्षण खातं अनेक वर्षं स्वतःकडे ठेवलं. शाळा काढल्या, परदेशात शिकायला मुलं पाठवली. मास्तर कमी पडले तेव्हा भारतातून आणले. त्या काळात इथिओपियातल्या कित्येक माध्यमिक शाळांत गणित आणि विज्ञान भारतीय शिक्षक शिकवायचे. हरारच्या लष्करी अकादमीचा पायाही भारतीय सैन्यातल्या अधिकाऱ्यांनीच घातला. आणि विद्यापीठासाठी तर राजाने स्वतःचा राजवाडा देऊन टाकला.

त्या राजवाड्याचीही एक कथा आहे. डिसेंबर १९६०मध्ये सम्राट ब्राझीलच्या दौऱ्यावर असताना राजरक्षक दलाने उठाव केला. पुढारी दोघे भाऊ, मेंगिस्तू आणि गेरमामे नेवाय. गेरमामे अमेरिकेत शिकून आला होता. एका दक्षिणेकडच्या भागाचा कारभार हाती होता तेव्हा त्याने पडीक जमीन भूमिहीनांना द्यायला सुरुवात केली. जमीनदारांनी वर तक्रार केली आणि त्याची बदली सोमाली सीमेवरच्या जिजिगाला झाली. त्या बदलीतून तो जे शिकला, ते उठावात बाहेर आलं. उठाव तीन-चार दिवसांत चिरडला गेला, पण जाता जाता बंडखोरांनी ओलीस धरलेल्या सरदार-मंत्र्यांना राजवाड्याच्या दिवाणखान्यात गोळ्या घातल्या. सम्राटाने तो राजवाडा पुन्हा राहायला घेतला नाही. तिथे विद्यापीठ आलं. ज्या इमारतीत जुन्या सरदारांची एक पिढी संपली, त्याच इमारतीत त्यांच्या जमिनी मागणारी पिढी तयार झाली.

१९६५ साली ही पोरं रस्त्यावर आली ती 'मेरेत लाराशू' ही घोषणा देत. मराठीत तिचं भाषांतर करायची गरज नाही, ती आपल्याकडे तयारच आहे: कसेल त्याची जमीन. पुढे दरवर्षी मोर्चे, लाठ्या, विद्यापीठ बंद, पुन्हा सुरू. १९६९च्या शेवटी विद्यार्थी नेता तिलाहुन गिझाव याला गोळ्या घालून मारलं. त्याच्या मित्रांनी त्याचं प्रेत राजाच्या पोलिसांना द्यायला नकार दिला, तेव्हा विद्यापीठाच्या आवारातच गोळीबार झाला.

हे सगळं तत्त्वाचं झालं. पोटाचाही प्रश्न होता. पन्नाशीच्या दशकात शाळा संपवली की सरकारी खुर्ची ठरलेली असे. १९७०पर्यंत शाळा सुटलेली मुलं वाढली आणि खुर्च्या संपल्या. कारखाने मोजके. निर्यातीचा कणा कॉफी, तिचा भाव लंडन-न्यूयॉर्कमध्ये ठरायचा. १९६७पासून सुएझ कालवा बंद, म्हणून आयात माल महाग. वेगळं होऊ पाहणाऱ्या उत्तरेकडच्या एरिट्रिया प्रांतात १९६१पासून युद्ध चालू, त्याचा खर्च वेगळा. आणि या सगळ्यावर १९७३च्या शेवटी तेलाचे भाव भडकले.

आता लष्कर. चाळीस हजारांच्या वरचं, अमेरिकी मदतीने सजलेलं सैन्य. वर उंची शिक्षण घेतलेले अधिकारी, खाली तुटपुंज्या पगारावर वाळवंटात पडलेला शिपाई. जानेवारी १९७४मध्ये दक्षिणेतल्या नेगेल्ले इथल्या चौथ्या ब्रिगेडच्या छावणीत पाण्याचा पंप बिघडला. अधिकाऱ्यांची विहीर शाबूत होती, पण तिचं पाणी शिपायांना द्यायला ते तयार नव्हते. जेवण सडकं. १२ जानेवारीला शिपायांनी अधिकाऱ्यांनाच कोंडलं. चौकशीसाठी अदिसहून भूदलाचे प्रमुख जनरल देरेस्से दुबाले आले. शिपायांनी त्यांनाही अडकवून ठेवलं आणि आपलं तेच अन्न खायला, तेच पाणी प्यायला लावलं.

या संपूर्ण प्रकरणातला मला हा सर्वांत महत्त्वाचा प्रसंग वाटतो. अन्याय मोठा होता म्हणून नव्हे. वोल्लोच्या तुलनेत एका पंपाची ती काय कथा! पण सम्राटाने कोणालाही शिक्षा केली नाही, तक्रारीत लक्ष घालू असं सांगितलं. सैन्याच्या बिनतारी यंत्रणेवरून ही बातमी एका छावणीतून दुसऱ्या छावणीत गेली. जनरलला सडकं जेवण खायला लावूनही काही होत नाही, हे त्या दिवशी साऱ्या फौजेला कळलं.

फेब्रुवारी

सोमवार, १८ फेब्रुवारी. अदिस अबाबातल्या निळ्या-पांढऱ्या छोट्या फियाट टॅक्सी रस्त्यावर आल्या नाहीत. पेट्रोल सुमारे निम्म्याने महागलं होतं; चालकांना भाडं वाढवून हवं होतं. त्याच दिवशी शिक्षकांचा संप सुरू झाला. कारण एक अहवाल. जागतिक बँकेच्या मदतीने शिक्षणाचा नवा आराखडा बनला होता: प्राथमिक शिक्षण पसरवा, खेड्यात शेतीउपयोगी शिकवा, वरच्या वर्गांना आवर घाला. कागदावर तो वाईट नव्हता. काही बाबतीत चालू पद्धतीहून जास्त न्याय्यही होता. पण शहरातल्या गरीब बापाने तो असा वाचला: साहेबाचा मुलगा साहेब होणार, माझ्या पोराला चौथीनंतर नांगराला जुंपणार. मास्तरांना आपला पगार दिसला. आई-बाप, मास्तर आणि विद्यार्थी एका बाजूला आले, आणि टॅक्सी बंद असल्याने शहर आपोआप ठप्प. बसगाड्यांवर दगड पडले. त्या 'अंबेसा' बससेवेत, म्हणजे 'सिंह' बससेवेत, राजघराण्याचा हिस्सा होता. दगड मारणाऱ्याला कंपनीचे कागद पाहायची गरज नव्हती.

२३ तारखेला सम्राटाने माघार घेतली. पेट्रोल थोडं उतरवलं, जीवनावश्यक वस्तूंचे भाव बांधून दिले, शिक्षणाचा आराखडा बाजूला ठेवला, शिपायांचा पगार वाढवला. दोनच दिवसांत अस्मारातली दुसरी डिव्हिजन बंडात उतरली. तिला पगारवाढ पुरेशी वाटली नाही. महिना संपायच्या आत पंतप्रधान अक्लिलू हब्ते-वोल्द यांचं मंत्रिमंडळ गेलं.

इथून पुढे जे घडलं ते वाचताना एखाद्या जुन्या वाड्याची भिंत आठवते. एक दगड काढला की बाजूचा आपोआप सैल होतो. मार्चमध्ये कामगार संघटनांचा सार्वत्रिक संप झाला, त्या देशाच्या इतिहासातला पहिला. मग कारकून. मग गरीब पाद्री, ज्यांना बिशपांचं वैभव दिसत होतं आणि स्वतःचा पगार नव्हता. एप्रिलमध्ये हजारो मुसलमान राजधानीत मोर्चा घेऊन आले: आम्हाला बरोबरीचा दर्जा द्या, आमचे सणही सुट्टीचे करा. प्रत्येकाची मागणी वेगळी आणि बहुतेक मागण्या साध्या. राजेशाही उलथवा असं फेब्रुवारीत क्वचितच कोणी म्हणत होतं. पण सगळ्या वाटा एकाच दाराशी जात होत्या, कारण पन्नास वर्षं राजाने दुसरं दारच ठेवलं नव्हतं. बदली असो, परवाना असो, शिष्यवृत्ती असो, जमिनीचा तंटा असो, शेवटचा शब्द त्याचा. म्हणून प्रत्येक तक्रार शेवटी त्याच्याविरुद्धची तक्रार झाली.

वारसाचा प्रश्नही कुजका. युवराज आस्फा वोस्सेन पक्षाघाताने परदेशात अंथरुणाला खिळलेला. नातवाचं नाव पुढे केलं तोवर एप्रिल उजाडला होता. नव्या राज्यघटनेचा मसुदा ऑगस्टमध्ये तयार झाला. तो दहा वर्षांपूर्वी आला असता तर इंग्लंडसारखा शोभेचा राजा तरी उरला असता, असं मला वाटतं. पण हैले सेलासींना कोणत्याही क्षणी थोडंसं सोडून देणं जमलं नाही.

२८ जूनला निरनिराळ्या तुकड्यांनी पाठवलेल्या शंभराहून जास्त प्रतिनिधींची समिती अदिसमध्ये बसली. कनिष्ठ अधिकारी, जमादार, शिपाई. अमहारिकमध्ये समितीला 'दर्ग' म्हणतात, तेच नाव राहिलं. दर्गने एका दिवसात काही केलं नाही. 'इथिओपिया तिकदेम', म्हणजे इथिओपिया आधी, अशी कोणालाच न दुखवणारी घोषणा घेतली आणि राजाच्याच नावाने त्याचे लोक एकेक करून उचलले. मंत्री, सुभेदार, राजाचा नातू असलेला नौदलप्रमुख. ऑगस्टमध्ये अंबेसा बससेवा आणि राजघराण्याचे पैसे अडकलेला सेंट जॉर्ज दारूचा कारखाना सरकारजमा झाला. राजा राजवाड्यात होता, पण भोवतालचं सगळं नेलं गेलं होतं.

११ सप्टेंबरला इथिओपियन पंचांगाचं नवं वर्ष सुरू झालं. त्या रात्री टीव्हीवर डिम्बलबीचा माहितीपट दाखवला गेला, पण नव्या काटछाटीसह: वोल्लोतली हाडं उघडी पडलेली मुलं, मध्येच राजवाड्यातली मेजवानी, पुन्हा वोल्लो, पुन्हा शाही लग्नाचा केक. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फोक्सवॅगन आली.

म्हणजे दुष्काळाची भूमिका शेवटी ही. त्याने बंड पेटवलं नाही. पण राजाच्या बाजूने बोलायला जे कोणी तयार झाले असते, त्यांची तोंडं त्याने बंद केली.

त्यानंतर

नोव्हेंबर १९७४मध्ये दर्गने साठेक अधिकारी-सरदारांना एकाच रात्री मारलं. ४ मार्च १९७५ला ग्रामीण जमीन सरकारच्या मालकीची जाहीर झाली. एका कुटुंबाला कसायला जास्तीत जास्त दहा हेक्टर, कूळ-मालक हे नातं रद्द. दक्षिणेतल्या गब्बारांनी हा कायदा डोक्यावर घेतला आणि खंड देणं त्या दिवसापासून थांबवलं. उत्तरेत रिस्त असलेल्या शेतकऱ्यांना मात्र आपलं नेमकं काय सुटलं हेच कळेना. ती बातमी गावोगाव सांगायला दर्गने हजारो विद्यार्थी धाडले होते. मेरेत लाराशूची घोषणा देणाऱ्यांपैकी कित्येक जण पुढे १९७७-७८च्या लाल दहशतीत त्याच दर्गच्या हातून मेले.

सम्राट २७ ऑगस्ट १९७५ला कोठडीतच गेले. दर्ग सत्तेवरून गेल्यावर, १९९२ साली त्यांची हाडं राजवाड्याच्या आवारात जमिनीखाली सापडली.

वोल्लोत १९८३-८४ला पुन्हा पाऊस पडला नाही. सप्टेंबर १९८४मध्ये अदिस अबाबात क्रांतीचा दहावा वर्धापन दिन कमानी, पुतळे आणि परदेशी पाहुण्यांसह साजरा होत होता, आणि दुष्काळाची बातमी तेवढे दिवस दाबून ठेवली होती. पुढच्या महिन्यात बीबीसीचा कॅमेरा वोल्लोतल्या कोरेम गावच्या माळावर पोचला. पहाटेचं धुकं होतं, आणि त्या धुक्यात महामार्गाच्या कडेला हजारो माणसं बसलेली होती.